लाल चकत्यांचं वाण

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात सगळ्यात आधी आवाज बदलायचे. एरवी सांगवीत संध्याकाळी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, पिठाच्या गिरणीची टुकटुक आणि आईचं कुणावर तरी ओरडणं, एवढंच ऐकू यायचं. हंगामात या सगळ्यावर ट्रॅक्टर चढून बसायचे. आमचं घर रस्त्याला लागूनच होतं. कारखान्याकडे जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत दारावरून जायचा आणि प्रत्येकाच्या मडगार्डवर टेपचे दोन भोंगे असायचे. कुणाचा ट्रॅक्टर आला हे आम्हांला न बघता, नुसत्या गाण्यावरून कळायचं. माझ्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. त्यांच्या कॅसेटची पट्टी ताणली गेली होती, त्यामुळे गाणारा माणूस कायम पडसं झाल्यासारखा गायचा. ते पडसं लांबून ऐकू आलं की आई चुलीवर तवा ठेवायची. तात्या हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगून खाली उतरलेली असायची.

तात्यांना आपल्या ट्रॅक्टरचा भारी अभिमान. भरलेली ट्रॉली दाराशी उभी राहिली की ते तिच्याभोवती एक फेरी मारत आणि कुणी नसलं तर मलाच सांगत, "बघ शके, कशी डोंगरावानी दिसती." आई आतून म्हणायची, "डोंगराला मागं दिवा असतो का? न्हाई ना? मग तुमच्या डोंगराला तरी लावा." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "एवढी मोठी वस्तू. आंधळा बी चाचपून वळंल." मग दोघंही हसत. आमच्या घरातली ती रोजची थट्टा होती. आईनं तात्यांपुढं दिव्याचा विषय काढला नाही असा हंगाम गेला नाही, आणि तात्यांनी मनावर घेतला असाही गेला नाही.

या घरात तिसरा मुख्य माणूस म्हणजे दिनकरमामा. तो आईचा धाकटा भाऊ. राहायला इंदापूरला, पण आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर आमच्याकडे यायचाच. येताना हँडलला पिशवी, पिशवीत उजनीच्या पाण्यातले मासे. बहिणीच्या ओढीनं येतो असं तो म्हणायचा, दाजींच्या गप्पांसाठी येतो असं आई म्हणायची, आणि तात्या म्हणायचे, "मासं येत्यात तवर ह्यो आला तरी आमची काय हरकत न्हाय." आई माशांना हळद, मीठ आणि लाल चटणी लावून ठेवायची. तव्यावर पडले की तो वास रस्त्यापर्यंत जायचा. मामा आणि तात्या एका ताटात जेवायला बसत आणि काट्यांचा ढीग कुणाच्या बाजूला मोठा, यावरून भांडत. मी आज साठी ओलांडली आहे, चांगल्या-चांगल्या ठिकाणी मासे खाल्ले आहेत, पण त्या चवीचा मासा पुन्हा मिळाला नाही. कदाचित चव माशांची नसून भांडणाची असेल.

त्या वर्षी हंगाम नुकताच लागला होता. एका दुपारी भरल्या ट्रॉलीचं टायर फुटलं, ते बारामतीहून सांगवीकडे येताना कालव्याचा पूल लागतो त्याच्या अलीकडे. तात्यांनी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. चाकांना दगड लावले, बाभळीची एक मोठी फांदी तोडून खूण म्हणून ट्रॉलीमागे रस्त्यावर टाकली, ट्रॉल्या तिथंच सोडल्या आणि ट्रॅक्टरवर टायर घालून ते बारामतीला गेले. ट्रॉलीला मागच्या फळीवर एक लाल काचही होती. पण ऊस भरला की कांड्यांची टोकं हात-दीड हात मागं बाहेर येतात आणि ती काच त्यांच्याखाली झाकून जाते. रिकाम्या ट्रॉलीला जी काच दिसते ती भरल्या ट्रॉलीला दिसत नाही. हे आम्ही रोज बघत होतो आणि कुणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. आता उरली फांदी. तात्या गेल्यावर त्या रस्त्यानं शेळ्यांचा एक कळप गेला. बाभळीचा पाला म्हणजे शेळ्यांना मेजवानी. त्यांनी खाऊन खाऊन ती फांदी पार ओढ्यापर्यंत नेली.

संध्याकाळी मामा आला. बारामतीकडून सांगवीला येताना मावळतीचा सूर्य बरोबर डोळ्यांवर येतो. त्यात ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ, आणि उसाच्या वाळक्या पाचटाचा रंगही धुळीसारखाच. मामा पुढं सांगायचा, "डोंगर दिसलाच न्हाय गं अक्का. डोंगर माझ्या अंगावर आला तवा कळलं हितं डोंगर हाय." शेवटच्या क्षणी त्यानं गाडी वळवली म्हणून कांड्या छातीत घुसल्या नाहीत. पण मांडीचं हाड मोडलं. टायर घेऊन परतणाऱ्या तात्यांना आपल्याच ट्रॉलीमागे माणसांचा घोळका दिसला, रस्त्यावर विखुरलेले मासे दिसले, आणि माशांवरूनच कोण पडलंय ते त्यांना कळलं.

बारामतीच्या दवाखान्यात मामाला कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. इंदापूरहून आजोबा आले. आल्याबरोबर ते एकच वाक्य बोलले, "जावयानं माझा पोरगा मारला असता." तात्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही. फळीवर लाल काच होती, खुणेची फांदीही टाकली होती, असं त्यांना सांगता आलं असतं. आजोबा मामाला इंदापूरला न्यायला निघाले तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "दिनकर माझ्याकडं ऱ्हाईल. चालत आला न्हाय, पर चालत जाईल," ती म्हणाली. मामाला आमच्या घरी आणलं आणि त्याची खाट पुढच्या सोप्यात टाकली, रस्ता दिसेल अशी.

त्या दिवसापासून आई तात्यांशी बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्यामार्फत बोलायची. तात्या समोर बसलेले असायचे आणि ती मला म्हणायची, "शके, तुझ्या बापाला सांग, कालवण गरम हाय." तात्या म्हणायचे, "शके, तुझ्या आईला सांग, कळलं." मी मधल्या मध्ये पोस्टाचा डबा झाले होते. मामाला या सगळ्याची एवढी गंमत वाटायची की हसताना पाय दुखून तो कळवळायचा. तात्या मात्र मामाचं सगळं स्वतः करत. त्याला उचलून बसवणं, अंग पुसणं, दाढी करणं, प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की विणायच्या सुईनं हळूच खाजवून देणं. कारखान्यावर ऊस खाली करायचा नंबर लागला नसला तर ते सगळा दिवस त्या खाटेशीच असत. आणि त्यांनी टेप लावणं बंद केलं. पडसं झालेला गवई गप्प झाला. ट्रॅक्टर अचानक दारात येऊन उभा राहायचा आणि आईची तवा ठेवायची वेळ चुकायची.

तरीही तात्या ट्रॉलीला मागं काहीच बांधत नव्हते. आईनं एकदा स्वतः लाल फडकं बांधलं. संध्याकाळी ते घडी घालून ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवलेलं मिळालं. आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, एवढं होऊनही या माणसाला काही कळलं नाही. खरं कारण मला मामाच्या खाटेमागे अभ्यास करताना कळलं. मामानं त्यांना सरळ विचारलं होतं. तात्या कितीतरी वेळ मामाचं पांघरूण सारखं करत राहिले आणि मग म्हणाले, "ते बांधून मी गावातनं हिंडू व्हय दिनकर? सगळ्या रस्त्यात एकट्या माझ्याच ट्रॉलीला लाल फडकं. लोक म्हणत्याल, बघा, मेव्हण्याला पाडला आन् आता शाना झाला."

"झाला तर झाला की शाना," मामा म्हणाला.

"तुझं बरं हाय. तू नुसता पडलाय," तात्या म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आई पीठ मळत होती. तिचे हात थांबले. लाज या माणसाला पुढं जाऊ देत नाही, आणि ही लाज अशीच राहिली तर उद्या त्याच ट्रॉलीवर दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ येऊन आदळणार, हे तिला त्या क्षणी दिसलं असावं. ती रागावली नाही. नंतर भाकऱ्या करताना ती पहिल्यांदाच गप्प होती पण चिडलेली नव्हती. आईच्या दोन्ही गप्प राहण्यातला फरक घरातल्या मांजरालाही कळायचा.

उपाय सापडला तो मामाला, खाटेवर पडल्या-पडल्या. माझी सायकल सोप्याच्या खांबाला टेकलेली असायची. मी तिच्यावरून शाळेला बारामतीला जायचे. तिच्या मागच्या मडगार्डला लाल चकती होती. सगळ्या सायकलींना असते तशीच. तात्यांचा ट्रॅक्टर संध्याकाळी अंगणात वळला की त्याचा उजेड सायकलीवर पडायचा आणि ती चकती पेटल्यासारखी दिसायची. एका संध्याकाळी मामानं आईला हाक मारली. "अक्का, हिकडं ये. ह्या पोरीच्या सायकलीची टिकली बघ. एवढीशी हाय, पर कशी डोळ्यात भरती." आई उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. ट्रॅक्टर बंद झाला, चकती विझली, तरी आई तिथंच.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एस.टी.नं बारामतीला गेली. संक्रांत तोंडावर आली होती. बाजारात तीळ, गूळ, हलवा, बांगड्यांचे ढीग. दरवर्षी आई हळदीकुंकवाच्या वाणाला गाळणी, कंगवे नाहीतर कुंकवाचे करंडे घ्यायची. त्या वर्षी ती त्या दुकानांकडे न बघता थेट रफिकभाईंच्या सायकलच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "सायकलीला मागं लावत्यात त्या लाल चकत्या द्या. असत्याल तेवढ्या सगळ्या." रफिकभाई तात्यांचे जुने ओळखीचे. त्यांनी विचारलं, "वैनी, सायकलीचं दुकान काढताय का काय?" आई म्हणाली, "हळदीकुंकू हाय. वाण द्यायचंय." रफिकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. आईनं सगळं सांगितल्यावर ते माळ्यावर चढले, धूळ बसलेलं एक खोकं खाली काढलं आणि म्हणाले, "ह्या जुन्या हायत, पर चमकत्यात बघा. माझ्या घरच्या बी येत्याल हळदीकुंकवाला. त्यांच्या भावाची बी ट्रॉली हाय."

मग घरात शिवणकाम सुरू झालं. नुसती चकती फळीवर ठोकली तर तीही उसाखाली झाकणार, हे आता आम्हांला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आईनं खताच्या जाड पोत्यांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर चकत्या एकाखाली एक शिवल्या आणि वर दोरी लावली. ऊस भरून झाल्यावर शेवटच्या मोळीला बांधायची, म्हणजे पट्टी कांड्यांच्या बाहेर लोंबते. मी आणि आई शिवायचो आणि मामा खाटेवर बसून दोऱ्या वळायचा. तात्यांची चाहूल लागली की सगळं पांघरुणाखाली. तात्यांना काय चाललंय ते कळलं नसेल असं नाही. पण आमच्या घरात कळलं तरी न कळल्यासारखं करायची जुनी सवय होती.

भोगी झाली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा, हरभरा, वांगी, गाजर, बोरं घातलेली भाजी आणि वर लोणी. मग संक्रांत आणि त्यानंतर आमचं हळदीकुंकू. गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. आईनं हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटीत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे घातले. आणि वर ठेवली एकेक पट्टी. बायका उलटसुलट करून बघायला लागल्या. शेजारच्या पारूकाकी म्हणाल्या, "सुमन, हे काय गं? म्हशीच्या गळ्यात घालायचं का?" सगळ्या हसल्या. आईही हसली. मग सोप्याकडे, मामाच्या खाटेकडे हात करून ती म्हणाली, "तितं बघा. तो वाचला म्हणून आज मी हळदीकुकू करत हितं उभी हाय, न्हायतर माहेर बी गेलं असतं आन् सासर बी. ज्याच्या घरी ट्रॉली हाय त्यानं ऊस भरल्यावर हे मागं बांधायचं. आन् ट्रॉली नसंल तर गाडीला बांधा, सायकलीला बांधा. पर वाण हाय, फडताळात ठिवायचं न्हाय." हसू कमी झालं. पारूकाकींनी पट्टी कपाळाला लावली आणि पदराखाली घेतली.

आता तुम्ही म्हणाल, आईनं हे दारोदार जाऊन पुरुषांना सांगितलं असतं तर? सांगून बघा एकदा. पुरुषांनी पारावर बसून त्याची साल काढली असती. पण सवाष्णीच्या ओटीत पडलेलं वाण फेकून द्यायची हिंमत कुणात? दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरून जाणाऱ्या एकेका ट्रॉलीमागे लाल पट्टी लोंबायला लागली. "बायकोनं बांधलंय, काय करता," असं म्हणत जो-तो दुसऱ्याकडे बघून हसत होता. सोडून कुणीच टाकत नव्हतं. मामा खाटेवरून मोजणी ठेवायचा आणि नवी दिसली की टाळी वाजवायचा.

सगळ्या गावाच्या ट्रॉल्यांना पट्ट्या लागल्या, एक आमची सोडून. वाण देणारीला स्वतःच्या घरचं वाण नसतं.   आता उलटंच झालं होतं. सगळ्या रस्त्यात एकट्या त्यांचीच ट्रॉली मागून उघडी होती.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी भरलेल्या ट्रॉल्या दारासमोर उभ्या करून तात्या घरात आले. चहाचा कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. माझ्याकडे बघून नेहमीसारखं "शके, तुझ्या आईला..." असं सुरू केलं आणि थांबले. मग सरळ आईकडे वळले. "सगळ्या गावाला वाण दिलंस. आमच्यात न्हाय व्हय वाण?"

आईनं तरीही सोडलं नाही. "वाण सवाष्णीला देत्यात. तुमाला कसं द्यायचं?" असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तुमचं दिनकरकडं हाय."

मामानं उशीखालून पट्टी काढली. ही त्यानं स्वतः शिवली होती, वेडेवाकडे टाके घालून. तात्यांनी हात पुढं केला. मामानं दिली नाही. "दाजी, मी बांधणार. तुमी फकस्त मला धरायचं." प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं. डॉक्टरांनी कुबड्या दिल्या होत्या, पण मामा अजून अंगणाबाहेर गेला नव्हता. तात्यांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि ते दोघं पावलापावलानं रस्त्यापर्यंत गेले. ज्या कांड्या छातीत घुसता घुसता राहिल्या होत्या तशाच कांड्यांना हात लावताना मामा क्षणभर थबकला. मग त्यानं दोरी ओवली आणि गाठ मारली. तात्या त्याला पाठीमागून घट्ट धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मामा न वळता म्हणाला, "दाजी, रडू नगा, मी पडंन." त्यावर तात्या रडता रडता हसले आणि मला ते दोघं फार आवडले.

तात्या ट्रॅक्टरवर चढले. टेप लावला, बारीक आवाजात, मागचा हॉर्न ऐकू येईल इतका बारीक. पडसं झालेला गवई कितीतरी दिवसांनी गायला लागला. आई आणि मी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. उजेड जवळजवळ गेला होता. ट्रॉल्या वळणापर्यंत गेल्या आणि पाचटाच्या रंगात विरघळल्या. तेवढ्यात मागून एस.टी. आली. तिच्या दिव्यांचा झोत पडला आणि ती पट्टी अंधुक रस्त्यावर लालेलाल पेटली. एस.टी.चा वेग कमी झाला. ती ट्रॉलीमागे थोडी थांबली, मग सावकाश बाजूनं पुढं गेली. आईनं माझा हात इतका आवळला होता की बांगड्या रुतल्या. तिची नजर तेव्हाही जरा कमीच होती. "दिसतंय का गं?" तिनं विचारलं. "दिसतंय," मी म्हणाले. त्या हंगामात रोज तात्या निघाले की ती रस्त्यावर यायची आणि हेच विचारायची.

मामा पुढं थोडा लंगडत चालायचा, पण चालायचा, आणि चालतच इंदापूरला गेला. पुढच्या आठवड्यात मासे घेऊन आला तो एस.टी.नं. तात्या आता नाहीत. मामाही गेला. आई शेवटची काही वर्षं बारामतीला माझ्याकडे होती. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी गाडी चालवते ती इतकी सावकाश की माझा मुलगा म्हणतो, आई, तुझ्यापेक्षा बैलगाडी बरी. म्हणू दे. एकदा संध्याकाळी आईला घेऊन सांगवीहून परतत होते. हंगाम चालू होता. पुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरचं धडधडणं ऐकून आई सावरून बसली आणि म्हणाली, "दिसतंय का गं?"

त्या ट्रॉलीला मागं काहीही नव्हतं. ना पट्टी, ना काच, ना दिवा. तिच्या समाधानासाठी हो म्हणावं असं वाटलं, पण जीभ वळेना. "न्हाय गं आई. ह्याला काहीच लावलेलं नाही."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मग तू ऱ्हा की तिच्या मागं."

मी गाडीचे लुकलुकते दिवे लावले. मागून हॉर्न वाजत होते, लोक चिडून बाजूनं जात होते, पण जाताना सावकाश जात होते. कारखान्याचं वळण येईपर्यंत मी त्या ट्रॉलीच्या मागं राहिले.